सतरा क्रमांक जपला, सातवं वळण विसरलो

दरवर्षी १७ जुलैला फॉर्म्युला वनच्या चाहत्यांच्या मोबाइलवर एकच चेहरा फिरतो. मारुसिया संघाच्या काळ्या-लाल गाडीत बसलेला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेलेला ज्यूल्स बियांकी. सोबत १७ हा आकडा, लाल बदाम आणि एक ठरलेलं वाक्य: ‘आवडतं काम करता करता गेला.’ चेहऱ्याबद्दल किंवा आकड्याबद्दल तक्रार असण्याचं कारण नाही. तक्रार आहे ती या वाक्याबद्दल.

बियांकी आवडतं काम करता करता गेला नाही. साडेसहा टनांच्या एका क्रेनवर आदळून तो गेला, आणि शर्यत चालू असताना ती क्रेन त्या जागी असायला नको होती. दोन्ही वाक्यं एकाच अपघाताबद्दल आहेत. पण पहिलं ऐकलं की डोळे भरून येतात आणि विषय संपतो. दुसरं ऐकलं की पुढचा प्रश्न येतो: मग ती तिथे का होती? चाहत्यांनी आपल्या लाडक्या ड्रायव्हरची आठवण ठेवायची तर या दुसऱ्या वाक्यासकट ठेवली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

तो कोण होता, हे नव्या प्रेक्षकांसाठी थोडक्यात. जन्म फ्रान्समधल्या नीसचा, ३ ऑगस्ट १९८९. घराणंच शर्यतीचं. चुलत आजोबा ल्युसियाँ बियांकी यांनी १९६८ साली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली आणि पुढच्याच वर्षी तिथेच सराव करताना ते गेले. आजोबा माउरो १९६८च्याच ल माँमध्ये गंभीर भाजले. ज्यूल्स हा फेरारीच्या युवा ड्रायव्हर अकादमीचा पहिला विद्यार्थी. भारतीय प्रेक्षकांना तो २०१२ पासून ओळखीचा, कारण त्या वर्षी तो फोर्स इंडिया संघाचा राखीव ड्रायव्हर होता. पुढच्या वर्षी त्याला मारुसियाची जागा मिळाली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये तो ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर शर्यतीत उतरला. मे २०१४ मध्ये मोनॅकोत, सगळ्यात शेवटच्या रांगेतल्या त्या गाडीतून त्याने नववा क्रमांक काढला. दोनच गुण. पण मारुसियाच्या इतिहासातले ते पहिले गुण होते, आणि संघांच्या तक्त्यातलं त्या वर्षाचं मारुसियाचं नववं स्थान याच दोन गुणांवर उभं राहिलं. त्याच मोसमापासून ड्रायव्हरांना कायमचा क्रमांक निवडायची मुभा मिळाली होती. बियांकीला ७, २७ किंवा ७७ यांपैकी एखादा हवा होता, तिन्ही दुसऱ्यांकडे गेले, म्हणून त्याने १७ घेतला. आज जो आकडा चाहते छातीवर लावतात तो असा, उरलेल्यांतून आलेला.

आता ५ ऑक्टोबर २०१४, सुझुका, जपान. फानफोन नावाचं चक्रीवादळ जवळ येत होतं आणि पाऊस चालू होता. शर्यत दुपारी ३ वाजता सेफ्टी कारच्या, म्हणजे सगळ्यांना मंद वेगात आपल्यामागे ठेवणाऱ्या गाडीच्या, मागे सुरू झाली, दोन फेऱ्यांनंतर थांबवावी लागली, मग पुन्हा सुरू झाली. पावसाने मध्ये उसंत दिली, ट्रॅकवर गाड्यांच्या चाकांनी एक जरा कोरडी वाट तयार झाली आणि बहुतेकांनी पूर्ण पावसाळी टायर काढून इंटरमीजिएट, म्हणजे कमी ओल्या ट्रॅकसाठीचे, टायर चढवले. शेवटाकडे पाऊस पुन्हा वाढला. उजेडही कमी होत चालला होता, कारण ऑक्टोबरात तिथे सूर्य साडेपाचच्या आत मावळतो.

४२व्या फेरीत एड्रियन सुटिलची सॉबर संघाची गाडी सातव्या वळणावरून घसरली आणि बाहेरच्या टायरच्या भिंतीवर जाऊन आदळली. या वळणाला डनलॉप म्हणतात. लांबलचक, डावीकडे वळणारं, चढणीचं. सुटिलला काही झालं नाही. मार्शलनी, म्हणजे ट्रॅकच्या कडेला उभ्या मदतनीसांनी, धोक्याचे दुहेरी पिवळे झेंडे हलवायला सुरुवात केली आणि त्याची गाडी उचलायला क्रेनचा ट्रॅक्टर आत आला. पुढच्याच फेरीत बियांकीची गाडी नेमकी त्याच जागी सुटली. ट्रॅक सोडताना वेग ताशी २१३ किलोमीटर. साधारण दोन सेकंदांनी ती ट्रॅक्टरच्या मागच्या अंगावर आदळली तेव्हा वेग ताशी १२६.

नेमकी तीच जागा का, हे समजून घेण्यासारखं आहे. इंटरमीजिएट टायरच्या चरांची पाणी फेकण्याची क्षमता पूर्ण पावसाळी टायरच्या निम्म्याहूनही कमी असते. त्यात टायर झिजले की चर उथळ होतात. टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरला की गाडी डांबरावर नसतेच, ती पाण्यावर तरंगत असते. मग स्टिअरिंग फिरवा किंवा ब्रेक दाबा, काही उपयोग नसतो. सातव्या वळणावर कडेचं पाणी ट्रॅकवर येऊन उताराने ट्रॅकवरूनच खाली वाहत होतं आणि त्यामुळे ती कोरडी वाट तिथे अचानक अरुंद झाली होती. सुटिलला ज्या ओघळाने फसवलं, त्यानेच एका फेरीनंतर बियांकीला फसवलं. थोडक्यात, गाडी जिथून सुटली तिथूनच दुसरी सुटण्याची शक्यता सर्वांत जास्त होती, आणि पहिली गाडी जिथे जाऊन थांबली तिथेच आता ट्रॅक्टर उभा होता.

टायरची भिंत असते ती मार खाण्यासाठीच. एकमेकांना बोल्टने बांधलेल्या टायरच्या रांगा, पुढे कन्व्हेअर बेल्टचा पट्टा. गाडी आदळली की ती आत दबते आणि थांबायला थोडं अंतर देते. ते थोडं अंतरच ड्रायव्हरचा मेंदू वाचवतं. ट्रॅक्टर काहीच देत नाही. गाडी आणि ड्रायव्हर मिळून ७०० किलो, समोरचं धूड ६,५०० किलोचं. शिवाय त्याचं पोट जमिनीपासून उंच असतं. म्हणजे गाडीचं नाक, जे खास चुरडण्यासाठी बनवलेलं असतं, ते खालून निसटतं आणि पहिला मार बसतो तो ड्रायव्हरच्या डोक्याच्या उंचीवर. ताशी १२६ किलोमीटर म्हणजे किती, याचा अंदाज हवा असेल तर हवेचा अडथळा सोडून हिशेब करा: साधारण ६२ मीटरवरून, म्हणजे वीसेक मजल्यांवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकताना तेवढा वेग घेते.

हवामानामुळे त्याला हेलिकॉप्टरऐवजी रस्त्याने योक्काइचीच्या रुग्णालयात नेलं. डोक्याला मार लागून मेंदूतले तंतूच ताणून तुटतात, तशी इजा होती. नोव्हेंबरमध्ये त्याला नीसला हलवलं. नऊ महिने शुद्ध आली नाही. १७ जुलै २०१५ रोजी तो गेला.

चार दिवसांनी नीसमध्ये अंत्यविधी झाला. त्याच आठवड्यात हंगेरीच्या शर्यतीआधी सगळे ड्रायव्हर आपापली हेल्मेटं जमिनीवर गोलात ठेवून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिले, मध्ये त्याचं कुटुंब. जागतिक संघटनेने, एफआयएने, १७ क्रमांक कायमचा निवृत्त केला. नीसमध्ये स्टेडियमजवळच्या एका रस्त्याला त्याचं नाव दिलं. हे सगळं योग्यच होतं. माणूस गेल्यावर जवळच्यांनी रडावं, नाव जपावं, हे जगात सगळीकडे होतं आणि त्यात खोटं काही नाही.

पण सुझुकाच्या त्या वळणाचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो माहीत असलेले चाहते फार थोडे.

१९९४ची जपानी ग्रां प्री. तेच सुझुका, तसाच मुसळधार पाऊस, तेच डनलॉप वळण. जानी मॉर्बिदेलीची घसरलेली गाडी काढायला ट्रॅक्टर आत आलेला. मागून आलेल्या मार्टिन ब्रंडलची मॅकलॅरन पाण्यावर तरंगत सुटली, ट्रॅक्टरला थोडक्यात चुकली आणि एका मार्शलवर गेली. मार्शलचा पाय मोडला. ब्रंडल वाचला, पुढे समालोचक झाला आणि पावसात ट्रॅक्टर दिसला की त्याबद्दल बोलत राहिला. २० वर्षं आधी, त्याच वळणावर, त्याच क्रमाने ही रंगीत तालीम होऊन गेली होती. २००७ साली नुर्बुर्गरिंगला ढगफुटीसारख्या पावसात पहिल्या वळणावर एकामागून एक गाड्या घसरल्या, तेव्हा विटान्टोनियो लिउझीची टोरो रोसो मागे मागे जात थेट ट्रॅक्टरला जाऊन टेकली. वेग उतरलेला होता म्हणून त्याचं हसू झालं.

आता एफआयएच्या चौकशीकडे या. दहा जणांची समिती, ३९६ पानांचा अहवाल, डिसेंबर २०१४ मध्ये त्याचा सारांश प्रसिद्ध झाला. त्यातलं एक वाक्य प्रत्येक चाहत्याला पाठ असायला हवं. सुटिलच्या अपघातानंतर जे केलं ते नियमांना धरून होतं, आणि आधीच्या आठ वर्षांतल्या ३८४ घटनांमध्ये नियमांचा जो अर्थ लावला गेला त्यालाही धरून होतं, असं समितीने म्हटलं. सेफ्टी कार आणायला हवी होती असं म्हणायला, मागाहून सुचलेलं शहाणपण वगळता, कारण दिसत नाही.

हे तर्कशास्त्र नीट पाहा. ३८४ वेळा पिवळा झेंडा दाखवून काम चालवलं आणि कोणी मेलं नाही, म्हणून ते सुरक्षित. पण ३८४ वेळा काही झालं नाही याचा अर्थ ३८४ वेळा धोका नव्हता असा होत नाही. किती वेळा गाडी ट्रॅक्टरपासून चार हातांवरून गेली, ते त्या आकड्यात नाही. आणि आठ वर्षांची खिडकी घेतली की १९९४ची घटना आपोआप खिडकीबाहेर जाते. संस्थेची स्मृती नियमांच्या आवृत्त्यांइतकी आणि अधिकाऱ्यांच्या नेमणुकांइतकी लांब असते. चाहत्याचं तसं नाही. १९९४ची शर्यत लहानपणी पाहिलेला माणूस आज चाळिशीत असेल आणि त्याला ती वळणासकट आठवत असेल. शर्यतीच्या दुनियेत इतकी लांब स्मृती दुसऱ्या कोणाकडे नाही. ती आपण लाल बदाम पाठवण्यात खर्च करतो, याचं वाईट वाटतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. त्याच अहवालात असंही म्हटलं आहे की बियांकीने दुहेरी पिवळ्या झेंड्याखाली पुरेसा वेग कमी केला नाही. हे खरं आहे. लाडक्या ड्रायव्हरबद्दल हे लिहिताना हात जड होतो, पण गाळलं तर आठवण खोटी होते. दुहेरी पिवळा म्हणजे वेग लक्षणीय उतरवा, ओव्हरटेक नको, दिशा बदलायची किंवा थांबायची तयारी ठेवा. पण ‘लक्षणीय’ म्हणजे किती, हे त्या वेळी प्रत्येकाने आपापलं ठरवायचं होतं. पाचजण पिवळ्याखाली जात असतील आणि त्यातल्या एकानेच मनापासून वेग उतरवला, तर त्याचा तोटा होतो. बाकीचे थोडा उतरवतात, म्हणून तोही थोडाच उतरवतो. हा एका माणसाच्या बेफिकिरीचा प्रश्न नव्हता, नियमाच्या रचनेचा होता.

त्यातूनच व्हर्च्युअल सेफ्टी कार आली. २०१४च्याच मोसमाच्या शेवटी ऑस्टिनला चाचणी झाली, २०१५ पासून नियमात. ट्रॅक छोट्या छोट्या टप्प्यांत विभागलेला असतो. व्हर्च्युअल सेफ्टी कार जाहीर झाली की प्रत्येक ड्रायव्हरला प्रत्येक टप्पा ठरवून दिलेल्या किमान वेळेपेक्षा लवकर पार करता येत नाही. स्टिअरिंगवरच्या छोट्या पडद्यावर तो पुढे आहे की मागे, याचा आकडा दिसत राहतो. सगळे सारखेच मंदावतात, अंतरं जवळजवळ तशीच राहतात, म्हणून मंदावण्याचा तोटा कोणालाच नाही. धोका संपला की संघांना सूचना जाते आणि १० ते १५ सेकंदांत हिरवा दिवा. बियांकीच्या अपघातातून आलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

आणि इथेच चाहत्यांच्या आठवणीतली सर्वांत मोठी चूक आहे. कुठल्याही चाहत्याला विचारा, बियांकीमुळे काय बदललं? तो सांगेल, हेलो. कॉकपिटवरची ती टायटॅनियमची कमान. २०१८ पासून ती आहे, २०२० मध्ये बहरीनला रोमँ ग्रोझाँचा जीव तिने वाचवला, २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोनला झोउ ग्वानयूचा. हेलोबद्दल शंका नाही. पण हेलोमागे मुख्यतः वेगळी माणसं आहेत: २००९ साली ब्रँड्स हॅचला सुटलेलं चाक डोक्यावर आदळून गेलेला अठरा वर्षांचा हेन्री सर्टीज, २०१५ साली पोकोनोला दुसऱ्या गाडीचा तुकडा लागून गेलेला जस्टिन विल्सन. बियांकीच्या बाबतीत समितीने स्पष्ट म्हटलं होतं की कॉकपिट बंद करून किंवा क्रेनला खाली संरक्षक झालर लावून ही इजा टळली नसती. एवढ्या वेगाला, एवढ्या वजनाला उत्तर एकच: क्रेन आणि धावती गाडी एकाच वेळी एका जागी असू नयेत.

हा फरक किरकोळ नाही. बियांकी म्हणजे हेलो, असं डोक्यात बसलं की प्रत्येक गाडीवर हेलो दिसतो आणि मनाला वाटतं, झालं, त्याचं काम पूर्ण झालं. बियांकी म्हणजे ट्रॅक्टर, असं डोक्यात असेल तर प्रत्येक पावसाळी शर्यतीत ट्रॅक्टर दिसला की छातीत धस्स होतं. दुसरी आठवण कामाची.

अहवालातल्या आणखी दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. २०१४ हे नव्या टर्बो-हायब्रिड इंजिनांचं पहिलं वर्ष, त्यामुळे मागचे ब्रेक इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून चालत होते. ट्रॅकबाहेर जाताना बियांकीचे दोन्ही पाय दाबलेले होते, ब्रेकवरही आणि ॲक्सिलरेटरवरही. अशा वेळी इंजिन आपोआप बंद व्हावं म्हणून गाडीत एक सोय असते. मारुसियाच्या ब्रेक यंत्रणेची मांडणी तिच्याशी जुळत नव्हती, म्हणून ती सोय चाललीच नाही. पुढची चाकं लॉक झाली होती, गाडी वळवता येत नव्हती. याने आदळण्याचा वेग किती वाढला हे समितीला मोजता आलं नाही. दुसरी गोष्ट वेळेची. रात्रीच्या शर्यती सोडल्या तर शर्यत सूर्यास्ताच्या किंवा अंधारून येण्याच्या किमान चार तास आधी सुरू व्हावी, अशी शिफारस झाली. त्यानंतर जपानसह काही शर्यती एक तास अलीकडे आणल्या गेल्या.

अहवालाचा फक्त सारांश बाहेर आला. पूर्ण ३९६ पानं आजही चाहत्यांसमोर नाहीत. क्रमांक निवृत्त करा म्हणून आपण जितक्या हिरिरीने बोललो, तितक्याच हिरिरीने ती पानं खुली करा असं म्हणायला हवं होतं.

मग ९ ऑक्टोबर २०२२ उजाडला. पुन्हा सुझुका, पुन्हा पाऊस. शर्यत दुपारी २ ला ठेवलेली. ऑक्टोबरातला सूर्यास्त आणि चार तास, ही वजाबाकी करून पाहा. तिथेच ती जमत नाही. पहिल्याच फेरीत हेअरपिन वळणातून बाहेर पडताना कार्लोस साइन्सची फेरारी पाण्यावर सुटून भिंतीवर आदळली. एक जाहिरातीचा फलक सुटून पिएर गॅस्लीच्या गाडीच्या नाकावर येऊन बसला. तो पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागी, जाऊन नाक बदलून परत निघाला आणि सेफ्टी कारमागच्या रांगेला गाठायला पाण्याच्या फवाऱ्यातून येत असताना त्याच्या बाजूने एक ट्रॅक्टर गेला. ट्रॅकबाहेर नाही, चक्क ट्रॅकवर. त्या धुक्यात तो फार उशिरा दिसला. गॅस्ली रेडिओवर ओरडला. बियांकीच्या वडिलांनी ही आपल्या मुलाच्या आठवणीचीही अवहेलना असल्याचं जाहीरपणे म्हटलं.

त्या दिवशी चाहत्यांत दोन तट पडले. एक म्हणाला, ट्रॅक्टर कसा? दुसरा म्हणाला, गॅस्लीच जोरात होता. आणि शर्यत थांबवणाऱ्या लाल झेंड्याखाली त्याने ताशी २५१ किलोमीटरपर्यंत वेग नेल्याबद्दल त्याला २० सेकंदांची शिक्षा झालीही. दोन्ही गोष्टी खऱ्या, जशा २०१४ लाही दोन्ही खऱ्या होत्या. ड्रायव्हर जास्त वेगात होता म्हणून ट्रॅक्टरचा प्रश्न मिटत नाही. उलट, ड्रायव्हर कधी ना कधी जास्त वेगात असणार हे धरूनच ट्रॅक्टर कधी आत सोडायचा ते ठरवायचं असतं. चौकशी झाली, अशी गाडी ट्रॅकवर येणार असेल तर सगळ्या संघांना अधिकृत संदेशाने कळवायचं ठरलं. १९९४ पासून २८ वर्षांनी.

शर्यत पाहताना एवढं करता येतं. गाडी बंद पडली किंवा घसरली की आधी ती कशामुळे घसरली ते बघा. पाण्याच्या ओघळामुळे असेल तर पुढची गाडी तिथेच जाईल. मग गाडी कुठे थांबली ते बघा: कुंपणाच्या फटीतून हाताने ढकलून आत नेता येईल अशी, की यंत्रच लागेल अशी? मोनॅकोसारख्या जुन्या, अरुंद ट्रॅकवर कुंपणामागे उभ्या क्रेन असतात आणि त्यांची दांडी वरून येते; चाकांवरचा ट्रॅक्टर आत येण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. यंत्र आत आलं तेव्हा फक्त पिवळा होता, व्हर्च्युअल होती की सेफ्टी कार? सेफ्टी कार असेल तर मागे पडलेला, रांग गाठायला धावणारा कोणी बाकी आहे का? गॅस्ली तोच होता. आणि झेंड्याबद्दल एक: २०१४ ला पुढच्या चौकीवर हिरवा झेंडा हलताना दिसला म्हणून त्या मार्शलला जगभर शिव्या बसल्या. तो बरोबर होता. धोक्याची जागा संपली की पुढच्या चौकीने हिरवाच दाखवायचा असतो. ज्याला नियम माहीत नाही असा चाहता रागाच्या भरात चुकीच्या माणसाला धरतो, आणि ज्याला धरायचं तो सुटतो.

मार्शल हा शब्द आलाच आहे तर थांबतो. मॉन्ट्रियलला २०१३ साली शर्यत संपल्यावर बंद पडलेली गाडी नेणाऱ्या क्रेनखाली सापडून एक मार्शल गेला. मॉन्झाला २००० मध्ये आणि मेलबर्नला २००१ मध्ये सुटलेल्या चाकाने एकेक मार्शल गेला. हे बहुतेक सगळे हौशी, बिनपगारी लोक. त्यांच्या नावाचा टी-शर्ट कोणी घालत नाही. ड्रायव्हरांमध्येही हेच होतं. १९९४ला इमोलात आयर्टन सेनाच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी ऑस्ट्रियाचा रोलांड राट्झेनबर्गर गेला, गाडीचा पुढचा पंख तुटून. सेनाच्या नावाने इमोलात आजही फुलं वाहिली जातात. राट्झेनबर्गर कितीतरी वर्षं कंसातच राहिला. २०२४ मध्ये माजी ड्रायव्हर सेबास्टियन फेटेलने दोघांच्या स्मृतीसाठी सगळ्या ड्रायव्हरांना ताम्बुरेलो वळणावर एकत्र आणलं तेव्हा ऑस्ट्रियाचा झेंडाही तिथे होता, हे पाहून बरं वाटलं.

आपल्याकडचं काय? ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रेटर नोएडाला पहिली भारतीय ग्रां प्री झाली तेव्हा सुरुवातीआधी ड्रायव्हर डॅन व्हेल्डन आणि मोटरसायकल रेसर मार्को सिमोन्चेल्ली यांच्यासाठी मिनिटभर शांतता पाळली गेली. दोघेही त्याच महिन्यात गेलेले. ही पद्धत आपण शिकलो. दुसरी अजून शिकायची आहे. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईच्या सर्किटवर के. ई. कुमार हे ज्येष्ठ रेसर शर्यतीतल्या अपघातात गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथेच बंगळुरूचा तेरा वर्षांचा मोटरसायकलस्वार मुलगा गेला. दोन्ही वेळा आदरांजलीचे संदेश फिरले. आपल्या देशातल्या शर्यतीत कोणी दगावलं की काय तुटलं, कोण कुठे होतं, बचाव पथक किती वेळात पोचलं, पुढच्या वेळी काय बदलणार, हे कागदावर आणि सगळ्यांसमोर यावं, ही मागणी चाहत्यांनीच लावून धरायची आहे. आयोजकांना ती अवघड वाटेल, तरीही.

आणि नाशिकच्या बाजूला रॅली बघायला जाणाऱ्यांसाठी तर हे अगदी स्वतःच्या अंगाशी येतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायचं नाही, कारण सुटलेली गाडी तिकडेच येते. आतल्या बाजूला, ट्रॅकपेक्षा उंच बांधावर, मागे पळायला मोकळी जागा असेल तिथेच थांबायचं. सरळ रस्ता संपतो त्याच्या समोर, फोटो चांगला येतो म्हणून, कधीच नाही. एक गाडी उलटली की सगळे धावतात आणि पुढची मिनिटभराने त्याच वळणावर येते. धावायचंच असेल तर आधी कोणीतरी मागे, वळणाच्या अलीकडे जाऊन येणाऱ्या गाडीला दुरूनच इशारा द्यायचा.

२०२४ पासून जपानची शर्यत शरदातून वसंतात आली आहे. कारण वादळांचं नव्हतं, प्रवासाचा खर्च आणि मालवाहतूक सोपी व्हावी म्हणून वेळापत्रक प्रदेशाप्रमाणे लावलं गेलं. तरीही चक्रीवादळांचा मोसम टळला, आणि संध्याकाळी सव्वासहाच्या आसपासचा सूर्यास्त धरला तर दुपारी २ ची सुरुवात चार तासांच्या हिशेबातही बसते. वेळापत्रक पुन्हा बदलून शर्यत शरदात गेली, तर हा हिशेब कोणीतरी पुन्हा मांडायला हवा. वसंतातही सुझुकाला पाऊस येतो, आणि सातवं वळण आहे तिथेच आहे.